ढब्बू पैशाची किंमत

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत ज्याने आयुष्याची तीस वर्षे एका कारखान्याच्या कोठारात जमाखर्च लिहिण्यात घालवली, त्याच्या मनात जगातील यच्चयावत वस्तूंची वर्गवारी एकाच तत्त्वावर बसून गेलेली असते, आणि ते तत्त्व म्हणजे धातू कोणता व वजन किती. पितळेचा बुरादा एका गोणीत, तांब्याच्या तारांची वेटोळी दुसरीत, अ‍ॅल्युमिनियमचे कातरण तिसरीत. महिनाअखेर भंगारवाल्याचा टेम्पो दाराशी लागला की गोण काट्यावर चढते, चिठ्ठीवर आकडा पडतो, आणि आत काय होते याची विचारपूस पुन्हा कोणी करीत नाही. या शिस्तीत मुरलेल्या माणसाने नाण्यांविषयी लिहावे हे थोडे विपरीत खरे. परंतु मला जुन्या नाण्यांचा नाद आहे ही वार्ता आमच्या सोसायटीत फुटल्यापासून इतक्या लोकांनी आपापले डबे माझ्यापुढे आणून उपडे केले आहेत, आणि त्यांतील जवळजवळ प्रत्येकाची समजूत इतकी उफराटी निघाली आहे, की आता गप्प बसणे मलाच अपराधासारखे वाटू लागले आहे.

मागच्या आश्विनात एका रविवारी शेजारच्या वहिनींचा नातू असाच एक पत्र्याचा डबा घेऊन आला. नववीतला मुलगा, एका हातात डबा, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि मोबाईलवर अशी जाहिरात की वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच रुपयांचे नाणे ज्याच्यापाशी असेल त्यास लाखो रुपये घरपोच मिळतील. ‘‘आजोबा, यातलं लाखाचं कोणतं ते तेवढं काढून द्या, बाकीची आजीला परत देतो,’’ असे त्याने निर्मळ मनाने सांगितले. वैष्णोदेवीचे ते नाणे २०१२ सालचे, आजही चलनात असलेले. किराणावाल्याच्या गल्ल्यात हात घातला तर ते एखादे वेळी पाच रुपयांतच मिळून जाते. असल्या जाहिरातींत आपले नाव गोवले जाते असे दिसून आल्यावर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये पत्रक काढून कळवले होते, की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही आणि त्याबद्दल आपण कोणाकडून शुल्क अथवा कमिशन मागत नाही. पण पत्रकाचा प्रवास पायी आणि जाहिरातीचा विमानाने, असाच हा काळ आहे.

वर्तमानपत्र अंथरून आम्ही डबा ओतला. सर्वांत आधी उठून दिसला तो जाडजूड, काळपट-तांबूस ढब्बू पैसा: ईस्ट इंडिया कंपनीचा पाव आणा, साल १८३५. मुलाचे डोळे विस्फारले, कारण पावणेदोनशे वर्षांहून जुनी वस्तू म्हणजे कुबेराची किल्लीच असणार अशी त्याची, आणि त्याच्याहून चौपट वयाच्या पुष्कळांची, ठाम श्रद्धा असते. त्या श्रद्धेला पहिला धक्का मी तेथेच दिला. १८३५ साली कंपनीने आपल्या मुलखात एकसारखे चलन सुरू केले, आणि हा पाव आणा, तोच आकडा कायम ठेवून, टांकसाळींनी पुढेही कित्येक वर्षे अगणित संख्येने पाडला. म्हणून आज तो मुबलक आहे, आणि झिजलेला असेल तर कोणताही नाणेविक्रेता तो शंभराच्या एका नोटेला आनंदाने देईल. आमच्या गावचे शिवमंदिर शके ९८२ मध्ये, म्हणजे इ. स. १०६० मध्ये, शिलाहारांच्या अमलात झाले. त्या काळच्या कोकणातून व गुजरातेतून फिरणारी गधैया नाणी, ज्यांवरील इराणी राजाचा मुखवटा आणि अग्निकुंड नक्कल करता करता नुसत्या रेघा-ठिपक्यांवर येऊन ठेपले, ती वयाने हजार वर्षांची असूनही सामान्य संग्राहकाच्या ऐपतीत बसतात. वय हा नाण्याचा गुण आहे, किंमत नव्हे.

मग किंमत कशात असते? या प्रश्नाचे उत्तर देताना अमेरिकेतील एका गृहस्थाचे नाव घ्यावे लागते. विल्यम शेल्डन हा पेशाने मानसशास्त्रज्ञ. परंतु त्याचा जीव जडला होता तो त्याच्या देशातील जुन्या तांब्याच्या सेंटवर, म्हणजे तिकडच्या ढब्बू पैशावरच. १९४९ साली त्याने अशी कल्पना मांडली की अगदी घासून गुळगुळीत झालेल्या, जेमतेम ओळखू येणाऱ्या सेंटला एक गुण द्यावा आणि टांकसाळीतून नुकत्याच बाहेर पडल्यासारख्या निर्दोष सेंटला सत्तर. कारण त्याच्या हिशेबाने दुसऱ्याचे मोल पहिल्याच्या सत्तरपट होते. तो हिशेब बाजाराने केव्हाच मोडीत काढला, पण सत्तरांची ती मोजपट्टी राहिली, आणि आज जगभर, आपल्याकडेही, नाण्याच्या प्रतीचा दाखला त्याच आकड्यांत दिला जातो. (याच शेल्डनने एका मान्यवर संस्थेच्या संग्रहातील उत्तम सेंट उचलून त्यांच्या जागी आपले कमी प्रतीचे सेंट ठेवल्याचे त्याच्या मृत्यूनंतर उघड झाले. ज्याने माप दिले त्यानेच मापात पाप केले. पण त्यामुळे मोजपट्टी खोटी ठरत नाही.)

आपल्याकडचे संग्राहक रोजच्या बोलण्यात ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’, ‘एक्स्ट्रा फाइन’ आणि ‘यूएनसी’ म्हणजे न फिरलेले, अशा पायऱ्या मानतात. त्या कशा ओळखायच्या हे मी त्या मुलाला भिंगाखाली दाखवले. नाणे हातोहात फिरू लागले की प्रथम झिजतात ते उंचवटे. व्हिक्टोरिया राणीच्या नाण्यावर कानावरच्या केसांच्या बटा आधी एकमेकींत मिसळतात आणि मग गाल सपाट होतो. पंचम जॉर्जच्या नाण्यावर मुकुटाच्या पट्टीवरील रत्ने पुसतात आणि त्यानंतर झग्यावरील नक्षी. आपल्या स्वतंत्र भारताच्या नाण्यावर समोरच्या सिंहाच्या छातीवरील आयाळ. डब्यात पंचम जॉर्जचे दोन पैसे होते, एकाच सालाचे, एकाच टांकसाळीचे. पहिल्यावर राजा होता म्हणून राजा म्हणायचा. दुसऱ्याच्या झग्यावर गळ्यातील साखळीला अडकवलेला इवलासा हत्ती सोंडेसकट दिसत होता. धातू तोच, वजन गुंजभर इकडे-तिकडे, आणि तरीही नाणेबाजारात दुसऱ्याचा मान पहिल्याच्या कितीतरी पट. तो हत्तीही साधासुधा नाही. १९११ साली जॉर्जची पहिली नाणी निघाली तेव्हा त्या हत्तीची सोंड इतकी आखूड कोरली गेली होती की लोकांना तो डुक्कर वाटला, मुसलमान समाजात क्षोभ झाला, सरकारला ती नाणी मागे घेऊन १९१२ मध्ये सुधारलेला ठसा आणावा लागला. आणि म्हणून त्या एका सालाच्या ‘डुक्कर रुपया’ला आज शोधणारे अधिक आणि मिळणारे थोडे.

हाती घडवलेल्या नाण्यांची परीक्षा आणखी निराळी. शिवराईचा ठसा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे एका नाण्यावर ‘श्री राजा शिव’ आणि पाठीमागे ‘छत्रपति’ ही सगळी अक्षरे क्वचितच उमटत. कोठे ‘श्री’ अर्धी कापलेली, कोठे ‘पति’चा केवळ ‘प’. तेव्हा शिवराई न झिजलेली आहे एवढ्यावर भागत नाही, तिच्या अंगावर किती अक्षरे मावली आहेत हेही मोजावे लागते. डब्यात दोन शिवराया होत्या. दोन्ही गोट्यांसारख्या गुळगुळीत.

आता धातूविषयी, कारण तो माझा प्रांत. एका रुपयाचे पैसे चौसष्ट. राणीच्या राज्यात एक तांब्याचा पैसा १०० ग्रेन, म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅम भरे, म्हणून रुपयाच्या खुर्द्यात ४१४ ग्रॅम तांबे हातात पडत असे. १९०६ मध्ये तांब्याच्या जागी ब्राँझ आले आणि पैसा ७५ ग्रेनांवर उतरला, तेव्हा रुपयाच्या खुर्द्याचे वजन झाले ३११ ग्रॅम. दुसऱ्या महायुद्धात धातूचा दुष्काळ पडल्यावर १९४३ मध्ये मधोमध भोक असलेला पैसा निघाला, त्याचे चौसष्ट नग मिळून जेमतेम १२५ ग्रॅम. १ एप्रिल १९५७ पासून दशमान पद्धती आली. नव्या पैशाचे शंभर नग १५० ग्रॅम ब्राँझचे. १९६२ मध्ये ब्राँझ जाऊन निकेल-पितळ आले, १ जून १९६४ पासून ‘नया’ हा शब्द गळाला, आणि १९६५ मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा चौकोनी पैसा निघाला त्याचे शंभर नग केवळ ७५ ग्रॅम. शंभर वर्षांत सामान्य माणसाच्या रुपयाचा खुर्दा ४१४ ग्रॅम तांब्यावरून ७५ ग्रॅम अ‍ॅल्युमिनियमवर आला. अर्थशास्त्राचे जाडे ग्रंथ मी वाचलेले नाहीत, पण महागाईचा इतका सरळ लेख मला दुसरीकडे कोठे आढळला नाही.

याच हिशेबाची दुसरी बाजू अधिक मनोरंजक आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या एक पैशाच्या नाण्यांचा एक किलो केला तर सुमारे १,३३३ नाणी भरतात आणि त्यांचे दर्शनी मूल्य होते तेरा रुपये तेहतीस पैसे; चार ग्रॅमच्या ताम्र-निकेलच्या चौकोनी पाच पैशांचा किलो केला तर साडेबारा रुपये. ज्या दिवशी मूस पेटवणाऱ्याला त्या धातूचा किलोला याहून अधिक भाव मिळू लागतो त्या दिवशी नाणे हे नाणे राहत नाही, कच्चा माल होते. आणि असे घडू लागले म्हणूनच सरकारला १९७१ साली लहान नाणी वितळवणे व वितळवण्यासाठी साठवणे हा गुन्हा ठरवणारा स्वतंत्र कायदा करावा लागला. तो पुढे २०११ च्या नाणेविषयक कायद्यात विलीन झाला. त्याच वर्षी, ३० जून २०११ पासून, पंचवीस पैसे व त्याखालील सगळी नाणी व्यवहारातून बाद झाली. चार आण्यांना निरोप देण्याचा तो सोहळा वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यात उरकला गेला. किती लोकांनी ती बँकेत नेऊन बदलून घेतली कोणास ठाऊक. आमच्या कारखान्याच्या फाटकावरच्या चहावाल्याला मात्र मूठभर पावल्या नाल्यात भिरकावताना मी स्वतः पाहिले, आणि त्यांवरचा गेंडा शेवटचा चमकून बुडाला.

चांदीच्या नाण्याला धातूचा एक आधार असतो, तो असा की ते कितीही झिजले तरी सराफाच्या काट्यावर त्याचा भाव ठरलेला. पण तेथेही सन पाहिल्याविना काटा धरू नये. १९१७ पर्यंतची चांदीची चवली दीड ग्रॅमच्या आसपास, आणि तीत शेकडा ९१.६७ चांदी, हेच प्रमाण पावली, अधेली आणि बंद्या रुपयातही. १९४० मध्ये ते निम्म्यावर आणले गेले, आणि १९४६-४७ पासून निकेल. त्यामुळे राणीछाप पावली आणि सहाव्या जॉर्जची १९४५ सालची पावली आकाराने एकसारख्या दिसल्या तरी दुसरीत चांदी निम्मी. उल्हासनगरच्या कॅम्पात माझ्या परिचयाचे एक सिंधी कापड दुकानदार होते. त्यांच्या गल्ल्यात लक्ष्मीच्या तसबिरीखाली अशीच १९४५ ची एक पावली होती, पाठीमागे ‘एल’ हे अक्षर असलेली, म्हणजे युद्धकाळात लाहोरला काढलेल्या टांकसाळीतली. वडिलांच्या खिशात ती फाळणीच्या वेळी राहून गेली होती. एकदा मी भिंग लावून पाहिली आणि म्हटले, ‘‘शेठ, चांदी निम्मीच आहे, आणि फिरलेलीही बरीच आहे.’’ त्यांनी ती माझ्या हातातून हळूच घेतली, तसबिरीखाली परत ठेवली आणि कापडाचा तागा पुढे उलगडला. नाणेबाजारात त्या पावलीला ‘फाइन’पेक्षा वरचा दर्जा कोणी दिला नसता, आणि ती विकत घेण्याची कोणाची ऐपतही नव्हती.

येथे माझा स्वतःचा गुन्हा कबूल करणे प्राप्त आहे. आजोबांनी मला १८६२ सालचा राणीचा एक पैसा दिला होता. एकसारखा गडद चॉकलेटी रंग चढलेला, केसांची बट न् बट मोजून घ्यावी असा. मी तेव्हा नोकरीला नुकता लागलो होतो, आणि आमच्या कारखान्यात पितळी वस्तूंना झिलई देणारे बफिंगचे चाक होते. जेवणाच्या सुटीत मी तो पैसा चिमट्यात धरून त्या चाकाला लावला. अर्ध्या मिनिटात तो नव्या गिन्नीसारखा झळाळू लागला, आणि मी कृतार्थ झालो. पुढे कित्येक वर्षांनी मुंबईत फोर्टमधल्या एका जाणत्या नाणेविक्रेत्याला तो दाखवला, तर त्याने तो तळहातावर घेण्याचेही कष्ट घेतले नाहीत. लांबूनच म्हणाला, ‘‘घासलात ना?’’ तांब्यावर काळाने चढणारा तो रंग म्हणजे मळ नव्हे, ती त्या नाण्याची कातडी होय. ती सोलली की बटांची धार जाते, पृष्ठभागावरची टांकसाळीची मूळ वीण जाते, आणि भिंगाखाली उरतात ते एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे. हिरवी बुरशी धरून नाणे पोखरले जात असेल तर त्याचा उपचार वेगळा आणि जाणकाराच्या हातचा. बाकी पितांबरी, चिंच, लिंबू, रांगोळी ही सर्व औषधे तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठीच राखून ठेवावीत.

डब्याच्या तळाशी एक पिवळे नाणे निघाले. एका अंगाला राम, लक्ष्मण, सीता आणि हनुमान. दुसऱ्या अंगाला इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनी, हाफ आना, १८१८. वहिनींनी ते देवघरात ठेवले होते असे मुलाने सांगितले, आणि म्हणून मी शब्द जपून वापरले. पण खरे ते सांगितलेच. असले नाणे कंपनीने कधीही पाडले नाही. ही अलीकडच्या कारागिरांची निपज, यात्रेत विकण्याची. पूजेला ती ठेवण्यास माझी काहीच हरकत नाही. हरकत आहे ती त्याच नाण्याला तांदूळ खेचून दाखवण्याचे सामर्थ्य चिकटवून कोट्यवधीचे सौदे करणाऱ्या टोळ्यांविषयी. ‘राइस पुलर’ या नावाखाली शिकले-सवरलेले लोक, डॉक्टर आणि बिल्डरसुद्धा, नागवले गेल्याच्या हकिगती पोलीस दप्तरांत वारंवार येतात. जो माणूस भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालतो तो तांदूळ खेचणाऱ्या तांब्यासाठी शेत गहाण टाकतो, या चमत्कारापुढे नाण्याचा चमत्कार फिका आहे.

या सगळ्याच्या मुळाशी एकच उणीव मला दिसते. पूर्वी प्रत्येक कसब्यात पोतदार असे. सरकारात भरणा होणारे प्रत्येक नाणे तो वाजवून, घासून, पारखून घेई, खऱ्याखोट्याचा निवाडा करी आणि झिजलेल्या नाण्यावर बट्टा किती हे ठरवी. त्याचा हुद्दा गेला, आडनाव तेवढे उरले. आज घरोघरी डबे आहेत, लोभ आहे, मोबाईल आहे. पारखी तेवढा नाही. सराफ धातू तोलतो, भंगारवाला किलो मोजतो, जाहिरातवाला स्वप्न विकतो. या तिघांपैकी कोणालाही केसांच्या बटांशी कर्तव्य नाही. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची उत्तम संशोधनसंस्था आहे, फोर्टात रिझर्व्ह बँकेचे चलन-संग्रहालय २००४ पासून आहे. पण अंबरनाथ-बदलापूरच्या माणसाने पाळी संपवून डबा काखोटीला मारून तेथवर जावे ही अपेक्षा अवास्तव होय. माझी सूचना एवढीच, की आमच्या भागातील सार्वजनिक वाचनालयांनी वर्षातून दोनदा, एका रविवारी, एखाद्या जाणत्या संग्राहकाला टेबल-खुर्ची आणि एक चांगला दिवा द्यावा. लोकांनी आपले डबे आणावेत, त्याने फक्त पाहावे आणि सांगावे, खरेदी करू नये. खरेदीस बंदी ही अट मी मुद्दाम घालतो, कारण जो पारखतो तोच विकत घेतो तेथे शेल्डन जन्मास येतो.

मुलाला मी कागदी पाकिटे दिली, प्रत्येक नाणे वेगळे ठेवायला आणि वर आजीकडून ते कोठून आले हे विचारून लिहायला सांगितले, आणि बजावले की काहीही झाले तरी घासू नकोस. त्याने मान डोलावली. लाख कोणत्याच नाण्यात निघाला नाही याचे त्याला फारसे वाईट वाटलेले दिसले नाही. जॉर्जच्या गळ्यातला हत्ती मात्र त्याने तीनदा पाहिला.

आठवड्याने वसुबारस होती. वहिनी फराळाचे ताट घेऊन आल्या आणि सोबत तोच डबा. ‘‘भावजी, पोरगा म्हणत होता तुम्हाला या नाण्यांची फार काळजी. आता लक्ष्मीपूजनाला ठेवायची, म्हणून काल चिंच-मीठ लावून सगळी लख्ख करून ठेवली बघा.’’ झाकण उघडले तर कंपनीचा पाव आणा, दोन्ही जॉर्ज, दोन्ही शिवराया, सगळे सारखेच तांबडेलाल झळकत होते. हत्ती कोणता आणि मुकुट कोणता हे आता भिंगालाही सांगता आले नसते. मी ‘छान’ म्हणालो. त्या रविवारी डब्यात पाहिलेला एक भोकाचा पैसा त्यात नव्हता, तो कुठे म्हणून विचारले, तर त्या म्हणाल्या की तो धाकट्या नातवाच्या करगोट्यात ओवलाय, दृष्ट लागू नये म्हणून, तेवढा घासायचा राहिला.